त्या जाहिरातीतली बाई कुठे गेली?

सामाजिक विषयांवरच्या जाहिरातींना पारितोषिकं देणाऱ्या परीक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय परीक्षकहो,

स. न. वि. वि.

घरात मारहाण, धमक्या, कोंडमारा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका हेल्पलाइनवर मी समुपदेशक आहे. या कामाला 11 वर्षं झाली. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका मंडळाने 90 सेकंदांच्या ज्या जाहिरात-फिल्मला सामाजिक गटातलं पहिलं पारितोषिक दिलं, तिची संहिता पहिल्यांदा वाचली गेली तेव्हा मी त्या टेबलाशी बसले होते. निकालाची बातमी आली त्या रात्री माझी पाळी होती. दोन फोनांच्या मधल्या वेळात हे पत्र मनात सुरू झालं, ते आज लिहून काढतेय.

ती फिल्म काढणाऱ्या कंपनीचं, ती बनवणाऱ्या जाहिरात एजन्सीचं, पारितोषिकाचं नाव मी देणार नाही. एका नावावर बोट ठेवलं की बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटतं, आणि माझी तक्रार एका फिल्मपुरती नाहीच. पत्र जाहीर लिहितेय, कारण ज्यांनी ती फिल्म पाहून डोळे पुसले आणि पुढे पाठवली त्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यात माझ्या घरची माणसंही आहेत.

एजन्सीची मंडळी आमच्याकडे दोन दिवस येऊन बसली होती. मन लावून ऐकत होती. त्यांच्यातली लिहिणारी मुलगी तर वही मिटून रडली. तिच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. पंधरा दिवसांनी संहिता आली. आरशासमोर बसलेली बाई गालावरचा निळा वळ पावडरने झाकतेय. हात थांबतो. ती पावडर पुसून टाकते, पलंगाखालची बॅग ओढते, दार उघडते. बाहेर लख्ख ऊन. ‘आता बाहेर पड’ ही अक्षरं उमटतात आणि मग कंपनीचा लोगो.

मी म्हटलं, तुम्ही ज्या दाराशी गोष्ट संपवताय, आमच्या कामातली सगळ्यात धोक्याची घडी तिथे सुरू होते. बाई निघते किंवा नुकतीच निघालेली असते तेव्हा हिंसा वाढण्याची भीती असते, कारण मारणाऱ्याच्या हातून ताबा सुटत असतो. जिवावर बेतण्याचे प्रसंग याच काळात येतात. जगात कुठेही या कामातल्या माणसाला विचारा, हेच सांगेल. म्हणून फोनवर आम्ही कोणालाही ‘बाहेर पड’ असं म्हणत नाही. आधी विचारतो, तो आत्ता घरात आहे का? बोलता येतंय ना? मुलं कुठे आहेत? कागदपत्रं कोणाकडे असतात? दाराची दुसरी किल्ली आहे का? एखादा ठरलेला शब्द कळवला की धावून येईल असं शेजारी कोणी आहे? मग हळूहळू आराखडा तयार होतो, आणि तो तिचा तीच करते.

एका बाईने मुलांचे जन्मदाखले, पासबुक, स्वतःची प्रमाणपत्रं असा एकेक कागद मुलीच्या वहीच्या कव्हरात घालून घराबाहेर पोचवला. सगळे कागद बाहेर यायला पाच आठवडे लागले. मग एके दिवशी ती रोज निघते तशी निघाली, रिकाम्या हाताने. त्या दिवशी हातात बॅग असती तर ती दारापर्यंतही पोचली नसती.

हे सगळं मी त्या टेबलावर सांगितलं. उत्तर मिळालं, 90 सेकंदांत एवढं बसत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, निदान शेवटच्या ओळीत ‘ठरवण्याआधी बोला’ एवढं घाला आणि आमचा नंबर ठळक द्या. ओळ आली नाही. नंबर आला, लोगोच्या खाली, बारीक अक्षरांत, मी घड्याळ लावून पाहिलं, दोन सेकंद. पुढे 30 सेकंदांची छोटी आवृत्ती निघाली आणि जास्त लोकांनी तीच पाहिली. तिच्यात नंबर नव्हता. लोगो दोन्हींत होता.

फिल्म आल्यावर आमचे फोन वाढले, हे खरं. पण फोनवरचे प्रश्नही बदलले. ‘मी निघाले आहे, आता काय करू?’ असं विचारणाऱ्या बायका आल्या. त्यातली एक स्वतःच्याच इमारतीच्या जिन्याखाली दोन मुलांना घेऊन उभी होती, रात्री 11 वाजता. आमचं निवारागृह भरलेलं होतं. दुसऱ्या एका संस्थेत तिची सोय होईपर्यंत मी फोन ठेवला नाही. मधे एकदा ती अगदी साधेपणाने म्हणाली, ‘ताई, त्या जाहिरातीतली बाई कुठे गेली हो?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे मागतेय.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. अशी जाहिरात लोकांच्या मनातला प्रश्नच बदलून टाकते. घरात मारहाण होते हे कळल्यावर पहिला प्रश्न ‘तो का मारतो, त्याला अडवत कोण नाही’ असा पडायला हवा. फिल्म पाहून उठलेला माणूस विचारतो, ‘ती अजून तिथे का राहते?’ मी पोलिसांच्या प्रशिक्षणवर्गांना जाते, महाविद्यालयांत बोलायला जाते. गेलं वर्षभर प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ही फिल्म काढतंच आणि चांगल्या मनाने विचारतं, ‘एवढं सगळीकडे सांगतात, तरी बायका बाहेर का पडत नाहीत?’ म्हणजे मारणारा चित्रातून गेला. दार उघडण्याची जबाबदारी तिची, आणि नाही उघडलं तर दोषही तिचा. त्या 90 सेकंदांत मारणाऱ्याचा चेहरा एकदाही दिसत नाही, हे तुम्ही पुन्हा पाहून खात्री करून घ्या.

ही रीत जुनी आहे. अमेरिकेत 1953 मध्ये ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ नावाची संस्था निघाली. ती स्थापन करणाऱ्यांत एकदाच वापरून फेकायचे डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपन्या होत्या. 1971 च्या वसुंधरा दिनाला या संस्थेची जी जाहिरात आली ती जगभर गाजली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वेशातला एक माणूस होडीतून येतो, त्याच्या पायाशी धावत्या गाडीतून कचरा येऊन पडतो, त्याच्या डोळ्यातून एक अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसं सुरू करतात, माणसंच ते थांबवू शकतात, असा संदेश होता. अश्रू ढाळणारा नट इटालियन वंशाचा होता, ती एक वेगळी फसवणूक. पण खरी गोम पुढेच आहे. त्याच दशकात बाटल्या परत घेणं कंपन्यांना बंधनकारक करणारे कायदे काही राज्यांत येऊ घातले होते आणि ही संस्था त्यांच्या विरोधात उभी राहिली. पाहणाऱ्याला मात्र वाटलं, दोष गाडीतून कचरा फेकणाऱ्याचा. ती बाटली बनवली कोणी आणि ती परत घेणार कोण, हा प्रश्न कित्येक वर्षं मागे पडला. 2023 मध्ये त्या जाहिरातीचे हक्क मूळ अमेरिकी लोकांच्या एका संघटनेकडे गेले आणि तिने तिचा वापर थांबवला. मधे 50 वर्षं उलटून गेली होती.

2004 मध्ये बीपी या तेल कंपनीने लोकांना स्वतःचं ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो ते, मोजायचं साधन दिलं आणि तो शब्द जाहिरातींतून घरोघरी नेला. आज शाळेतलं मूलही स्वतःचं फूटप्रिंट सांगू शकतं. प्रवास कमी करावा, दिवे बंद करावेत हे चांगलंच आहे, मीही करते. पण तेल काढून विकणाऱ्या कंपनीने ‘तुमचं किती?’ असं विचारल्यावर ‘तुमचं किती?’ असं उलट विचारायचं आपल्याला सुचलं नाही, ही त्या मोहिमेची ताकद. कंपनीच्या दारातला प्रश्न उचलून माणसाच्या दारात ठेवायचा, आणि तोही इतक्या मायेने की माणूस स्वतःहून तो आत घेतो.

तुम्ही म्हणाल, घरातल्या मारहाणीचं तसं नाही, ती काही कंपनी करत नाही. खरं आहे. पण कंपनीत हजारो माणसं काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार जगातल्या जवळपास दर 3 स्त्रियांपैकी एकीने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. मग त्या बायका त्या कंपनीतही असणारच. नोकरी टिकली तर बाईची निघण्याची ताकद टिकते, हे आम्ही रोज पाहतो. कोर्टाच्या तारखा, पोलीस ठाणं, नवी शाळा, नवं घर, यात रजा संपतात आणि पाठोपाठ नोकरी जाते. म्हणून न्यूझीलंडमध्ये 1 एप्रिल 2019 पासून हिंसाचार सोसणाऱ्या कर्मचाऱ्याला 10 दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. ऑस्ट्रेलियात 2023 पासून तेवढीच मिळते. फिलिपाइन्सने तर 2004 च्या कायद्यातच स्त्रियांना अशी 10 दिवसांची रजा दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 च्या 190 क्रमांकाच्या करारातही घरातल्या हिंसेचा कामावर होणारा परिणाम लक्षात घ्यायला सांगितलं आहे.

मी त्या टेबलावर विचारलं होतं, तुमच्या कंपनीत अशी रजा आहे का? बाईला दुसऱ्या शाखेत गुपचूप बदली मागता येते का? तिचा नवरा चौकशीचा फोन करतो तेव्हा तुमच्या स्वागतकक्षातल्या माणसाने काय सांगायचं, हे ठरलंय का? मला सांगण्यात आलं की तो मनुष्यबळ विभागाचा विषय आहे, ही बैठक ब्रँडची आहे. कंपनीला ज्याची झळ बसली असती, ज्यासाठी खरोखर काही बदलावं लागलं असतं, ते सगळं त्या एका वाक्याने खोलीबाहेर गेलं. पडद्यावर उरलं ते कंपनीला काहीही न मागणारं.

आणि इथे तुमचा संबंध येतो. 2017 च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळच्या बैलाच्या पुतळ्यासमोर एका धीट मुलीचा पुतळा उभा राहिला. तो स्टेट स्ट्रीट ग्लोबल अॅडव्हायझर्स या गुंतवणूक कंपनीच्या मोहिमेचा भाग होता. कंपन्यांच्या संचालक मंडळांवर अधिक स्त्रिया हव्यात, हा संदेश. त्या वर्षी कान लायन्स या जाहिरातींच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात या मोहिमेने 4 ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिकं, जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बातमी आली की तिच्या मूळ कंपनीने, म्हणजे स्टेट स्ट्रीटने, 50 लाख डॉलर देऊन एक प्रकरण मिटवलं. वरिष्ठ पदांवरच्या 300 हून अधिक स्त्रियांना आणि काही कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना कमी वेतन दिल्याचं अमेरिकेच्या कामगार खात्याच्या तपासणीत म्हटलं होतं. कंपनीने तो निष्कर्ष मान्य केला नाही. ती तपासणी जुन्या वर्षांची होती, हेही मी नोंदवते. तरीही मला विचारावंसं वाटतं, पारितोषिक देण्याआधी एका तरी परीक्षकाने ‘तुमच्याकडे बायकांना पगार किती?’ असं विचारलं होतं का? प्रवेशिकेच्या अर्जात तो रकानाच नसेल तर विचारणार तरी कसं?

दुसरी तक्रार पैशांची, ती थोडक्यात सांगते. 1983 मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे 1 सेंट देऊ केला. पुतळ्याला 17 लाख डॉलर मिळाले आणि कार्डाचा वापर 28 टक्क्यांनी वाढला. तेव्हापासून हे एक तंत्र झालं. 1999 मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने 7.5 कोटी डॉलर दानधर्मावर खर्च केले आणि मग ते दान लोकांना कळावं म्हणून 10 कोटी डॉलरची जाहिरात मोहीम काढली. त्या जाहिरातींत घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रियांचा आसराही होता. म्हणजे आमच्या क्षेत्राचा असा वापर 25 वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे. दान खोटं होतं असं मी म्हणत नाही, कोणाला तरी त्यातून रात्रीचा आसरा मिळालाच असेल. पण दान कमी आणि दानाची दवंडी मोठी, हे लोकांना दिसायला हवं. ज्या फिल्मबद्दल मी लिहितेय तिच्यासाठी आमच्या संस्थेला आभाराचं पत्र आणि एक फ्रेम मिळाली. आम्ही फोनवर आणखी दोन माणसं बसवण्यापुरते सहा महिन्यांचे पगार मागितले होते.

तिसरी तक्रार त्या निळ्या वळाची. कॅमेऱ्याला वळ दिसतो. हातात पगार न टिकू देणं, रोज रात्री फोन तपासणं, माहेरशी बोलणं तोडणं, मुलांना घेऊन जाईन ही धमकी, हे त्याला दिसत नाही. आता आमच्याकडे येणारे कितीतरी फोन एका वाक्याने सुरू होतात, ‘मला तसे वळ वगैरे नाहीत, मग मी फोन केला तर चालेल का?’ एक बाई हे म्हणून ठेवूनच देणार होती. तिने नऊ वर्षांत स्वतःच्या हाताने एकही खरेदी केली नव्हती. छळ कसा दिसतो हे समाज अशाच फिल्म पाहून शिकतो आणि मग त्या चित्राशी न जुळणाऱ्या बाईवर ना शेजारी विश्वास ठेवतात ना पोलीस. तिचा स्वतःचाही बसत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या फिल्मनंतर एका भावाचा फोन आला. बहीण सणासमारंभाला येईनाशी झाली, ती रागावली आहे असं घरचे समजत होते. फिल्म पाहून त्याला पहिल्यांदा वेगळी शंका आली. त्याने विचारलं, मी काय करू? आम्ही त्याला सांगितलं, तिला एकटीला भेट आणि काहीही न ठरवता फक्त ऐक. त्याने ते केलं. जाहिरातीची ताकद मला मान्य आहे ती यासाठीच. आमच्या पत्रकांनी जे वीस वर्षांत झालं नसतं ते ती एका संध्याकाळी करू शकते. म्हणूनच ती बेफिकीरपणे वापरली गेली की मला इतका त्रास होतो.

शेवटची तक्रार थेट तुमच्या निवडीबद्दल. प्रवेशिकेसोबत तुम्हाला एक केस फिल्म, म्हणजे जाहिरातीचा परिणाम सांगणारी छोटी फिल्म, दाखवतात. संगीत, आकडे, बातम्यांची कात्रणं, रडणारे प्रेक्षक. या फिल्मच्या केस फिल्ममध्ये आमच्या हेल्पलाइनचे वाढलेले फोन यश म्हणून दाखवले आहेत. ते आकडे आम्हीच दिले होते, विश्वासाने. पण त्यातले किती फोन उचलले गेले, किती नुसते वाजून थांबले, हे आम्हाला कोणी विचारलं नाही. वाजून थांबलेल्या प्रत्येक फोनमागे एक बाई असते आणि ती पुन्हा फोन करेलच असं नसतं. तिलाही तुम्ही यशात मोजलंत.

तपासणी न करता दिलेली पारितोषिकं कशी अंगाशी येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. 2016 मध्ये समुद्रात अडकलेल्या निर्वासितांच्या बोटी शोधायला मदत करणाऱ्या ‘आय सी’ नावाच्या अॅपला कान लायन्समध्ये कांस्य मिळालं. थेट उपग्रहचित्रं दाखवण्याचा त्याचा दावा होता आणि प्रत्यक्षात एकच स्थिर चित्र दिसत होतं. ते तंत्रज्ञांनी उघड केल्यावर एजन्सीला पारितोषिक परत करावं लागलं. ते अॅप परीक्षकांनी उघडून पाहायला किती वेळ लागला असता?

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. प्रत्येक सामाजिक प्रवेशिकेत दोन आकडे सक्तीने मागा आणि निकालासोबत जाहीर करा. जाहिरात बनवायला आणि दाखवायला किती खर्च झाला, आणि ज्या प्रश्नाबद्दल ती आहे त्या कामाला प्रत्यक्ष किती पैसे गेले.

2. ज्या विषयावर कंपनी बोलते त्या विषयात तिचं स्वतःचं घर कसं आहे, हे लेखी घ्या. समान वेतनावर बोलायचं तर वेतनाचे आकडे. घरगुती हिंसेवर बोलायचं तर रजेचं धोरण. धोरण नसेल तर ‘नाही’ असं लिहिलेलं लोकांना वाचू द्या.

3. परीक्षकांत त्या क्षेत्रात रोज काम करणारी निदान दोन माणसं असावीत, मतासह. पाहुणे म्हणून नकोत. आणि संहितेच्या वेळी ज्यांचा सल्ला घेतला त्यांनी कोणत्या गोष्टीला हरकत घेतली होती, हे प्रवेशिकेत नोंदवणं बंधनकारक करा. माझी हरकत त्या अर्जात असती तर तुम्ही ती वाचली असती.

4. मदतीचा नंबर जाहिरातीच्या प्रत्येक आवृत्तीत, लोगो जितका वेळ आणि जितका मोठा दिसतो तितका. त्या नंबरवर वाढणारे फोन उचलण्याची सोय जाहिरात येण्याआधी झालेली असावी आणि तिचा खर्च कंपनीने करावा. हे जमत नसेल तर जाहिरात थांबू द्या.

5. निकाल फिल्म आल्यावर लगेच लावू नका. एक वर्ष थांबा, मग त्या क्षेत्रातल्या संस्थांना विचारा की काय बदललं, त्रास काय झाला.

6. गेल्या महिन्यातल्या त्या फिल्मचं पारितोषिक काढून घ्या असं मी म्हणत नाही. ‘आता बाहेर पड’ या ओळीआधी सुरक्षेचा आराखडा येतो, एवढी दुरुस्ती असलेली आवृत्ती कंपनीने काढावी आणि ती पहिल्या आवृत्तीइतक्याच ठिकाणी, इतकेच दिवस दाखवावी, असं तुम्ही मंडळ म्हणून तिला लेखी कळवावं.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशिका उघडण्याआधी या पत्राचं उत्तर द्यावं आणि ते जाहीर द्यावं. तुमच्या बैठकीत येऊन बसायला मी तयार आहे. माझी पाळी रात्रीची असते, दिवसा कधीही बोलवा.

आपली,
हेल्पलाइनवरची एक समुपदेशक